देवांच्या नावांची बेरीज

पेणच्या बाजारपेठेत, हमरापूर-जोह्याच्या रस्त्याला आणि आता रोह्यातही दुकानांच्या पाट्या बदलू लागल्या आहेत. वरचे मराठी नाव तेच राहते. खालच्या इंग्रजी नावात मात्र कुठे एक ‘ए’ वाढतो, कुठे ‘एन’ दोनदा येतो, कुठे शेवटी ‘एच’ चिकटतो. विचारले की उत्तर मिळते, नाव अंकशास्त्राप्रमाणे करून घेतले. बारशाच्या पत्रिकांवरही हेच दिसते. अंकशास्त्र सांगणारे त्यासाठी तीन दाखले देतात. इजिप्तच्या पुरोहितांना प्रत्येक देवाच्या नावाचा अंक ठाऊक होता, हा पहिला. ते ज्ञान खाल्डियन लोकांनी तक्त्यात बांधले, हा दुसरा. आणि मुळात ते आपलेच, वेदांतले, हा तिसरा. तिन्ही दाखले खोटे आहेत. आणि हे निरुपद्रवी खोटे म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच्या जोरावर लोकांकडून पैसे घेतले जातात आणि मुलांच्या कागदपत्रांचा घोळ होतो.

इजिप्तपासून सुरुवात करू. प्राचीन इजिप्तमध्ये आकडे लिहायला स्वतंत्र चिन्हे होती. एकाला उभी रेघ, दहाला कमान, शंभराला दोरीचे वेटोळे, हजाराला कमळ, दहा हजारांना बोट, लाखाला बेडकाचे पिल्लू, आणि दहा लाखांना दोन्ही हात वर करून बसलेला हेह नावाचा देव. १,२१३ लिहायचे तर एक कमळ, दोन वेटोळी, एक कमान आणि तीन रेघा काढल्या की झाले. ग्रीकांनी आणि हिब्रूंनी आपली अक्षरेच आकडे म्हणून वापरली, त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक शब्दाची बेरीज निघू शकते. इजिप्तच्या चित्रलिपीत अक्षरांकडून आकड्यांचे काम घेतलेच जात नव्हते, म्हणून अमुक अक्षराची अमुक किंमत असा क्रमही तिथे नव्हता. ज्या लिपीत अक्षराला किंमत नाही, त्या लिपीत नावाची बेरीज कशाची करणार?

आमोन या देवाचे नावच जवळून पाहा. त्यात तीन चिन्हे येतात. बोरूचे एक पान, मग सोंगट्यांच्या खेळाचा पट, मग पाण्याची नागमोडी रेघ. पानाचा उच्चार ‘इ’सारखा, पटाचा ‘म’ आणि ‘न’ असे दोन्ही मिळून, आणि पाण्याच्या रेघेचा पुन्हा ‘न’, म्हणजे आधीच्या ‘न’लाच दिलेला दुजोरा. मधले स्वर लिहिलेलेच नाहीत, कारण चित्रलिपीत स्वर लिहीत नसत. म्हणून आजचे अभ्यासक हे नाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहितात, आमुन, आमोन आणि आमेन. अंकशास्त्र्यांच्या खाल्डियन तक्त्याने मोजा, म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षराची ठरलेली किंमत घेऊन बेरीज करा आणि बेरजेतले आकडे पुन्हा मिळवून ती एक आकडी करा. आमुनची बेरीज १६, म्हणजे ७. आमोनची १७, म्हणजे ८. आमेनची १५, म्हणजे ६. सूर्यदेवाला कुणी ‘रा’ लिहितो, कुणी ‘रे’. पहिल्याचे ३ येतात, दुसऱ्याचे ७. आयसिस हे तर ग्रीकांनी रुळवलेले रूप, त्याचे ८; तिचे इजिप्शियन नाव ‘असेत’ असे लिहिले की ४. देव तोच, देऊळ तेच, दगडावरची चिन्हे तीच. बदलली ती लंडन-पॅरिसच्या प्राध्यापकांची लिहायची सवय. तीन हजार वर्षांपूर्वीच्या पुरोहिताला हा अंक ठाऊक असायला त्याला आधी विसाव्या शतकातले इंग्रजी स्पेलिंग यायला हवे होते.

इजिप्तच्या देवांचा आणि संख्यांचा संबंध होता, आणि तो फार सुंदर होता. हेलिओपोलिसला नऊ देवांचा गण होता, हर्मोपोलिसला आठांचा. ३६० दिवसांच्या वर्षाला जोडलेले पाच दिवस म्हणजे ओसिरिस, होरस, सेथ, आयसिस आणि नेफ्थिस यांचे जन्मदिवस. थोथ हा काळाची मोजदाद ठेवणारा देव. या संख्या आकाशाकडे, नाईलच्या पुराकडे आणि देवळांच्या परंपरेकडे बघून आल्या होत्या, नावातली अक्षरे मोजून आलेल्या नव्हत्या.

नावाच्या सामर्थ्यावर तर इजिप्तचा गाढ विश्वास होता. आयसिसने म्हाताऱ्या रा देवाची लाळ मातीत कालवून साप केला, त्याच्या दंशाने रा तळमळू लागला, आणि आपले गुप्त नाव सांगितल्यावरच त्याची सुटका झाली, अशी कथा त्यांच्या पपायरसावर लिहिलेली सापडली आहे. आखेनातेन राजाने आमोनचा द्वेष केला तेव्हा देवळादेवळांतून त्या देवाचे नाव छिन्नीने खरवडून काढायला माणसे पाठवली. नाव उच्चारले की देव हजर, नाव पुसले की देव गेला, अशी ती श्रद्धा होती. आपल्याकडच्या नामस्मरण करणाऱ्या वारकऱ्याला ती चटकन कळेल. विठ्ठलाचे नाव घेणारा त्याची बेरीज करत बसत नाही. इजिप्तच्या श्रद्धेतले हे तेज काढून टाकायचे आणि तिच्या जागी एक ते नऊचा हिशेब ठेवायचा, ही त्या संस्कृतीची विटंबना आहे.

मग इजिप्तचेच नाव का घेतले जाते? कारण शेकडो वर्षे ती लिपी कुणालाच वाचता येत नव्हती. जिथे वाचणारा नसतो तिथे हवे ते लिहून ठेवता येते. सतराव्या शतकात अथानासियस किर्शरने चित्रलिपीचे ग्रंथच्या ग्रंथ ‘वाचले’, ते सगळे कल्पनेतून. १७८१ मध्ये कूर द जेबलँने टॅरोचे पत्ते हे इजिप्तचे गुप्त ज्ञान आहे असे ठोकून दिले. १८२२ मध्ये शांपोलियोंने लिपी उलगडली आणि त्यानंतर देवळांच्या भिंती, शवपेट्या, पपायरस, मजुरांच्या हजेऱ्यांचे खापरे असे सगळे वाचले गेले. त्यात नावांच्या बेरजेचा तक्ता नाही. तरी जुने बोलणे बंद झाले नाही, कारण ते विकले जाते.

आता खाल्डियन तक्त्याकडे येऊ, कारण आपल्याकडे बहुतेक काम त्याच्यावरच चालते. खाल्डिया म्हणजे बाबिलोनचा प्रदेश. तिथली कीलाकार लिपी शेकडो चिन्हांची, त्यातली बरीचशी पूर्ण शब्दावयवांची, म्हणजे ‘बा’, ‘बि’, ‘बु’ यांना वेगवेगळी चिन्हे. त्या लिपीत ए, बी, सी नाही. तक्त्यात असलेला ‘जे’ हा ‘आय’पासून वेगळा मानला जाऊ लागला तोच मुळी सोळाव्या शतकाच्या सुमारास. बाबिलोनच्या देवांना अंक होते, हे खरे. अनूला ६०, एन्लिलला ५०, एआला ४०, चंद्रदेव सिनला ३०, सूर्यदेव शमशला २०, इश्तारला १५. सिनला ३० का, हे महिन्याचे दिवस मोजणाऱ्या कुणालाही कळते. या अंकांचा नावातल्या अक्षरांशी काही संबंध नाही. आणि ते आपल्या तक्त्याने येतही नाहीत, कारण आपला तक्ता सगळे दाबून एक आकडी करतो. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला असुरी राजा दुसरा सारगोन याने आपल्या नगराची भिंत १६,२८३ हात लांब बांधली आणि ती आपल्या नावाची संख्या आहे असे कोरून ठेवले. ती संख्या कशी काढली याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. ज्या प्रश्नावर कीलाकार लिपीचे पंडित अडून बसले आहेत, त्याचा तक्ता आपल्याकडे दहा रुपयांच्या पुस्तिकेत तयार मिळतो, यावर विश्वास कसा ठेवायचा?

तक्ता कुठून आला हे तो स्वतःच सांगतो. हिब्रू अक्षरांच्या किमती शेजारी मांडा. आलेफ १, तक्त्यात ए १. बेथ २, बी २. गिमेल ३, जी ३. दालेथ ४, डी ४. हे ५, एच आणि ई ५. वाव ६, म्हणून यू, व्ही, डब्ल्यू तिन्ही ६. झायिन ७, झेड ७. योद १०, शून्य सोडले की १, म्हणून आय, जे, वाय तिन्ही १. काफ २०, के २. लामेद ३०, एल ३. मेम ४०, एम ४. नुन ५०, एन ५. पे ८०, म्हणून पी आणि एफ ८. रेश २००, आर २. शिन ३००, एस ३. ताव ४००, टी ४. ‘एक्स’सारखा अपवाद सोडला तर बाकी तक्ता हिब्रू वर्णमालेवरून इंग्रजी अक्षरांवर उतरवलेला आहे. खाल्डियाचा त्यात काही वाटा नाही.

या तक्त्यात कोणत्याही अक्षराला ९ दिलेले नाहीत. अंकशास्त्री सांगतात की नऊ हा अंक परमपवित्र, म्हणून प्राचीनांनी तो माणसाच्या नावाला लावला नाही. ऐकताना अंगावर काटा येतो. खरे कारण असे की हिब्रूत ९ किमतीचे अक्षर ‘तेथ’ आणि ९० किमतीचे ‘त्सादे’. पहिल्याचा उच्चार ‘ट’सारखा, पण इंग्रजी ‘टी’ आधीच ‘ताव’ला देऊन झालेली, दुसऱ्याला इंग्रजीत एकेरी अक्षरच नाही. उतरवताना दोन्ही गळाली आणि नऊची जागा रिकामी राहिली. नकलेत राहून गेलेल्या फटीला पावित्र्य चिकटवले गेले. माझ्या मते या सगळ्या व्यवहाराचा निकाल लावायला ही एक गोष्ट पुरेशी आहे. कुणाला शंका असेल त्याने दोन्ही तक्ते समोरासमोर ठेवून पाच मिनिटांत पडताळून पाहावे.

हा तक्ता जगभर पसरवला तो ‘किरो’ या हस्तरेषा पाहणाऱ्याने. खरे नाव विल्यम जॉन वॉर्नर, जन्म आयर्लंडमध्ये १८६६ साली, मृत्यू १९३६ मध्ये हॉलिवूडला. स्वतःला तो काउंट लुई हामोन म्हणवून घेई. अंकांवरचे त्याचे पुस्तक १९२६ चे. म्हणजे आपल्याकडे ‘पाच हजार वर्षांपूर्वीचे’ म्हणून जे विकले जाते, ते छापील स्वरूपात जेमतेम शंभर वर्षांचे आहे. ए ते आय एक ते नऊ असा दुसरा सरळ तक्ता पायथागोरसच्या नावावर खपतो. तोही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत श्रीमती बॅलिएट यांनी चालू केलेल्या प्रवाहातला.

किरोशी आपल्याला खास देणेघेणे आहे. त्याच्याबद्दल सांगितली जाणारी कथा अशी की तो तरुणपणी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला, एका चित्पावन ब्राह्मणाने त्याला कोकणातल्या आपल्या गावी नेले, आणि तिथे माणसाच्या कातड्याच्या पानांवर सोन्याने लिहिलेली पोथी त्याने अभ्यासली. पेण-रोह्यातले लोक ही कथा अभिमानाने सांगतात. मला ती ऐकून संताप येतो. ज्या घरात मेलेल्या जनावराच्या कातड्याला शिवल्यावर आंघोळ होत असे, त्या घरात माणसाच्या कातड्याची पोथी? एकोणिसाव्या शतकातला कोकणातला भिक्षुक पंचांग देवनागरीत वाचत होता आणि जमाखर्च मोडीत लिहीत होता. त्याने किरोला काही शिकवलेच असेल तर नक्षत्रे शिकवली असतील, हाताच्या रेषा शिकवल्या असतील. ए ते झेडचा तक्ता तो कुठून शिकवणार होता? कथा खरी धरली तरी तक्त्याचा पुरावा म्हणून ती उभी राहत नाही, आणि खोटी धरली तर आपल्या भूमीच्या नावावर एक बीभत्स गोष्ट खपवली गेली आहे आणि आपण तिचा मान मिरवत आहोत.

आता तिसरा दाखला, वेदांचा. आपल्याकडे अक्षरांना किंमत देण्याची परंपरा आहे आणि ती अव्वल दर्जाची आहे. आर्यभटाने ४९९ मध्ये खगोलातल्या प्रचंड संख्या अक्षरांत बांधल्या. कटपयादि पद्धतीत क, ट, प, य यांच्यापासून एकेक मोजत जातात आणि आकडे उजवीकडून डावीकडे वाचतात. ‘गणेश’ घ्या. ग तीन, ण पाच, श पाच. उलटे वाचून ५५३. ‘विठ्ठल’ म्हणजे ३२४. केरळच्या गणित्यांनी याच रीतीने त्रिकोणमितीतल्या ‘ज्या’च्या (साइनच्या) सारण्या श्लोकांत गुंफल्या, आणि कर्नाटक संगीतात ७२ मेळांचे क्रमांक त्यांच्या नावांच्या पहिल्या दोन अक्षरांत ठेवले. धीरशंकराभरणम् मधले ‘धी’ नऊ, ‘र’ दोन, म्हणून तो एकोणतिसावा मेळ. इथे अक्षर हे आकडा लक्षात ठेवायचे साधन आहे. ५५३ आला म्हणून गणपतीचे नाव ‘गणेशा’ करा, असे या परंपरेतल्या कुणी सांगितले नाही. तसेच पंचांगातले नावरस अक्षर. २७ नक्षत्रे, प्रत्येकी चार चरण, १०८ अक्षरे. अश्विनीच्या पहिल्या चरणाला ‘चू’. त्यावर विश्वास ठेवणे न ठेवणे वेगळे, पण तिथेही अक्षरच येते, बेरीज येत नाही. जो अंकशास्त्री ‘वैदिक’ हा शब्द वापरतो आणि मग गणपतीला इंग्रजीत मोजतो, त्याने निदान स्वतःच्या तक्त्याने काय होते ते पाहावे. ‘गणेश’चे २२, म्हणजे ४. ‘गणपती’मध्ये मधला ‘ए’ घातला तर २४, म्हणजे ६. गाळला तर २३, म्हणजे ५. हमरापूरच्या एकाच गणेशमूर्ती कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या बाप्पाचे हे तीन अंक आहेत.

गावांचेही तसेच. आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, नंतर रायगड झाला. इंग्रजीत कुणी शेवटी ‘डी’ लिहितो, जनगणनेच्या पुस्तकांत ‘आरएच’ येते. पहिल्याचे १२, म्हणजे ३. दुसऱ्याचे १५, म्हणजे ६. मग या जिल्ह्याचे भाग्य जनगणना खात्याच्या कारकुनाने ठरवले का? पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ मध्ये विनायक नरहरी भावे जन्मले. ‘विनायक’चे १७, म्हणजे ८. गांधीजींच्या आश्रमात ते विनोबा झाले, त्याचे २२, म्हणजे ४. चार आणि आठ हे या मंडळींना सगळ्यात जड वाटणारे अंक. ज्याच्या नावात येतील त्याला ती घाबरवतात आणि स्पेलिंग बदलायला लावतात. त्या दोन जड अंकांमधून गेलेला माणूस १९५१ पासून देशभर पायी फिरला आणि लोकांनी त्याच्या झोळीत लाखो एकर जमीन टाकली.

अक्षरांच्या बेरजेची खरी परंपराही आपल्या किनाऱ्यापासून लांब नाही. कुंडलिका रोह्यावरून वाहत रेवदंड्याला समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखाशी चौल आहे. पहिल्या शतकात इजिप्तच्या बेरेनिके बंदरातून निघालेली गलबते जिथे येत, त्या बंदरांच्या यादीत ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेने सेमिल्ला म्हणून नोंदवलेले ते हेच. ती गलबते चालवणारे ग्रीक बोलणारे लोक अक्षरांची बेरीज करत. अलेक्झांड्रियाचा कवी लिओनिदास दोन्ही अर्ध्यांची बेरीज सारखी येईल अशा चारोळ्या रची. पाँपेईच्या भिंतीवर कुणी आपल्या प्रेयसीचे नाव न लिहिता ५४५ हा आकडा लिहून गेला. ग्रीकमध्ये नाईल नदीच्या नावाची बेरीज ३६५ येते, ‘अब्रासाक्स’ या तावीजावरच्या नावाचीही ३६५, आणि वर्षाच्या दिवसांशी ते जुळले म्हणून लोक हरखले. अरबी-फारसीत अक्षरांना किंमत देणारी अबजद आली. ७८६ हा आकडा कोकणातल्या प्रत्येक रिक्षास्टँडला ओळखीचा आहे. हे सगळे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. पण या प्रत्येक ठिकाणी माणूस स्वतःच्या लिपीत, स्वतःच्या अक्षरांच्या ठरलेल्या किमतींनी मोजत होता. दुसऱ्याच्या लिपीत नाव उतरवून, ते बसेना म्हणून अक्षरे वाढवून, मग बेरीज जमली असे कुणी म्हणत नव्हता. रोह्याजवळच्या कुडे लेण्यांत माळी, लोखंडाचे व्यापारी, वैद्य यांनी दान दिल्याचे लेख आहेत. ती नावे ब्राह्मीत जशीच्या तशी कोरलेली आहेत.

‘पण अनुभव येतो त्याचे काय,’ असे शेवटी विचारले जाते. नाव बदलणारा दुकानदार त्याच महिन्यात पाटी नवी करतो, रंग काढतो, चार गिऱ्हाइकांना फोन करतो, उमेदीने बसतो. धंदा वाढला तर श्रेय ‘ए’ला जाते. ज्याचा वाढला नाही तो ते कुणाला सांगत नाही. मूर्तीच्या धंद्याचे भवितव्य प्लास्टरवरचे निर्बंध, शाडूची किंमत, जूनचा पाऊस आणि मुंबईच्या व्यापाऱ्याची उधारी यांवर ठरते, हे पेणमधला प्रत्येक कारखानदार जाणतो. तरीही तो पैसे देतो, कारण या चारपैकी काहीच त्याच्या हातात नाही आणि स्पेलिंग आहे. त्याच्या या हतबलतेवर कमाई करणे मला अनैतिक वाटते.

‘एक अक्षर वाढवल्याने बिघडते काय?’ रोह्यातल्या माझ्या ओळखीच्या एका घरी मुलीच्या नावात पाचवीत असताना एक ‘ए’ वाढवला. जन्मदाखल्यावर जुने स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर नवे, आधारवर जुने, बँकेच्या पासबुकात तिसरेच. शिष्यवृत्ती अडकली. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, आणि आईच्या रोजगाराचे बुडालेले दिवस. त्या मुलीचे नाव तिच्या आत्याने पाळण्यात कानात सांगितले होते, ते मराठीत होते आणि त्यात काही कमी नव्हते.

वाद मिटवायचा मार्ग महाराष्ट्राला माहीत आहे. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतरांच्या साथीने ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे दिली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी आली असती. पेणला हीच चाचणी अंकशास्त्राची घेता येईल. दहा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या शंभर मूर्ती कारखान्यांची नावे घ्यावीत, पन्नास आजही चालू असलेले, पन्नास बंद पडलेले. नावे मिसळून, मालकांची ओळख काढून टाकून अंकशास्त्र्यांना द्यावीत, आणि कोणते चालू, कोणते बंद ते लिहून मागावे. अट एकच. कोणता तक्ता वापरणार, आणि देवनागरीतले नाव इंग्रजीत कोणत्या नियमाने उतरवणार, हे त्यांनी नावे हातात येण्यापूर्वी लिहून, सही करून द्यायचे. उत्तरे गणपती बाजारपेठेत, सगळ्यांसमोर तपासली जावीत.